पाठीवरचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून बाहेर येताना डोक्याच्या आधी माझे पाय आले. शिनोलीला, घरातच, सुईणीच्या हातावर. सुईण म्हणे आईला म्हणाली, "पोरगी चालतच आली बाई, हिला दम न्हाई." तो शिक्का माझ्यावर बसला तो बसलाच. मी तापट आहे, फटकळ आहे, एक ऐकते आणि दोन सुनावते, आणि हे सगळं त्या पायांवर ढकलून मोकळी होते.

पायाळू पोरीचे लाडही होतात आणि हालही. आभाळ गडगडायला लागलं की मला घरात कोंडून घालायचे, कारण वीज पायाळूवर पडते म्हणे. डोळ्यांत अंजन घातलं की पायाळूला भुईतलं धन दिसतं, असंही म्हणतात. मला बाई कधी फुटकी कवडी दिसली नाही. पण एका गोष्टीसाठी मात्र लहानपणापासून माणसं मला शोधत यायची. वाकताना, ओझं उचलताना पाठीत किंवा बरगडीत अशी कळ भरते की धड श्वास घेता येत नाही, तिला आपल्याकडं उसण म्हणतात. पायाळूनं पाठीला पाय लावला की ती जाते. माणसानं पालथं पडायचं, मी उजव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागी टेकवायचा, उचलायचा, परत टेकवायचा. तेवढा वेळ कुणी कुणाशी बोलायचं नाही.

लग्न होऊन वारूळवाडीला आले, तर माझी ही कीर्ती माझ्या आधी इथं पोचलेली. टोमॅटोच्या हंगामात तर विचारू नका. क्रेट उचलून उचलून वाकडी झालेली माणसं दारात उभी. "वहिनी, तेवढा पाय लावा." बरं वाटायचं का त्यांना? वाटायचं. का वाटायचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. देवाची करणी अन् नारळात पाणी, म्हणून सोडून द्यायचं.

फक्त एका माणसाला पाय लावायचा नाही, अशी सासूबाईंची ताकीद होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. "साऱ्या गावाला लाथा घाल, पर माझ्या लेकाला तुझा पाय लागता कामा न्हाई. बायकूचा पाय पाठीला लागला की नवऱ्याचं आयुष्य तुटतं."

आता नवऱ्याला पाय लावू नये, हे कोण सांगत नाही? चुकून लागला तरी आपण हात लावून पाया पडतो. पण आत्याबाई ते सांगताना नुसतं सांगत नसत. त्यांचे हात थरथरायचे. मशेरीचं बोट दातावर तसंच राहायचं, आणि माझ्या तोंडाकडं न बघता त्या माझ्या पायांकडं बघत बोलायच्या. मला भयंकर राग यायचा. मी काय नवऱ्याला तुडवायला टपले होते? एकदा मी म्हटलंही, "मग पाय कापून खुंटीला टांगू का?" त्यावर आत्याबाई उठून परसात गेल्या आणि कितीतरी वेळ आत आल्याच नाहीत. सासरे मी यायच्या खूप आधी गेलेले. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

आत्याबाई म्हातारपणानं गेल्या. त्यानंतरच्या थंडीत एक दिवस आमचे हे भरदुपारी घरी आले. ह्यांचं नारायणगावात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, तांब्याची नवी तार भरायची. लाईट गेली तरी माणूस दुकान सोडत नाही, आणि हे तर भरदुपारी दारात. उजव्या हातानं डावा खांदा धरलेला.

म्हणाले, "मोटार उचलताना उसण भरली. पाय लाव."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! आत्याबाई काय म्हणायच्या?"

"आई हाय का आता?"

मागच्या पडवीत गोधडी टाकली. ह्यांनी दाराला आतून कडी घातली आणि पालथे पडले. मी उभी. एवढा संसार झाला, लेक आळ्याला दिली, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, आणि नवऱ्याच्या पाठीवर पाय ठेवताना मी नव्या नवरीसारखी लाजले. सदऱ्यातून पाठीची ऊब तळव्याला लागली. गावातल्या इतक्या पाठी माझ्या पायाखालून गेल्या, पण ही पाठ मी अशी उभ्यानं, उजेडात कधी बघितली नव्हती. रुंद होती, आणि जरा वाकलेली. थोड्या वेळानं हे उठून बसले. म्हणाले, "गेली बघ." मी पाप फिटावं म्हणून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आम्ही दोघंही हसलो. हे दुकानात गेले, आणि मला पडवीत मशेरीचा वास आला.

आत्याबाई गेल्यापासून आमच्या घरात मशेरी कोणी लावत नाही. ती भाजायचा तवाही मी भंगारवाल्याला दिला होता. मी पडवी झाडली, पुसली, उदबत्ती लावली. मनाचे खेळ, दुसरं काय, असं म्हणून स्वयंपाकाला लागले.

त्यानंतर हे असे येतच राहिले. कधी महिन्यानं, कधी आठवड्यात दोनदा. दर वेळी उसणच. मी दोन-चारदा म्हटलं, त्या जड मोटारी उचलायला माणूस ठेवा. हे हूं म्हणायचे. आणखी काही होतंय का विचारलं, तर "काय नाय, उसण," म्हणायचे. खरं सांगू, मला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. एरवी आमचं बोलणं काय, लाईट आली का, जेवलात का, गॅस संपला. त्या पडवीत कडी लावल्यावर मात्र हा माणूस डोळे मिटून, गाल गोधडीला लावून, माझ्या पायाखाली लेकरासारखा पडून असायचा. आणि प्रत्येक वेळी, ते गेल्यावर, तो वास. कधी दाराच्या फटीतून, कधी दुरड्या ठेवते त्या कोपऱ्यातून. मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सासू मेली पण मशेरी सोडवेना?

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी न्याहारी करून हे दुकानात जायला निघाले आणि उंबऱ्यातून मागे फिरले. "आज परत भरली," म्हणाले. मी हातातलं काम टाकून पडवीत आले. परवाच पाय लावला होता, म्हणून जरा कुरकुरतच आले. हे आधीच पालथे पडलेले. कडी लावायलाही थांबले नव्हते.

मी पाय ठेवला आणि तो घसरला.

सदरा चिंब ओला. खालची पाठ माठासारखी गार. मी किती उसणी काढल्या असतील, एकाही पाठीला असा घाम कधी बघितला नव्हता. उसणीनं माणूस कण्हतो, शिव्या देतो, पण त्याची पाठ गार पडत नाही. मी ह्यांना उताणं केलं. ओठ पांढरे. डोळे माझ्याकडं होते, पण मला बघत होते का कोण जाणे. मी अशी ओरडले की शेजारचे भाऊ धावत आले. त्यांची पिकअप दारातच, टोमॅटोनं भरलेली. त्या माणसानं एक शब्द विचारला नाही. क्रेट धडाधड रस्त्यावर फेकले, मागं गोधडी टाकली, आणि आम्ही निघालो. माझ्या चपला घरीच राहिल्या. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी स्वतःच्या उघड्या पायाकडं बघत होते. आत्याबाई कानात एकच वाक्य बोलत होत्या, आयुष्य तुटतं, आयुष्य तुटतं. पिकअपच्या आवाजातही मला ते ऐकू येत होतं.

नारायणगावातल्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, झटका आहे म्हणाले, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सनं पुण्याला धाडलं. तिथं नळी घालून स्टेंट बसवला. हे वाचले. पण वाचले म्हणजे किती वाचले, हे कळायला पुढचे कितीतरी दिवस गेले.

ते आम्हाला समजावून सांगितलं हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी. घोडेगावच्या मारवाडी जैन घरातल्या. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान, घरचे कोणे एके काळी राजस्थानातून आलेले, पण बाईंचं मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. पुण्याला मोठ्या दवाखान्यात असतात आणि मंचरलाही पेशंट बघायला येतात. माझं माहेर घोडेगावजवळचं शिनोली, हे कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्या गल्लीतल्याच की काकू!" तेवढ्यानं मला रडू आलं.

पहिल्याच तपासणीला त्यांनी एक विचित्र गोष्ट विचारली. म्हणाल्या, "काकांच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. त्या मानानं हृदयाचं नुकसान कमी झालंय. आदल्या एक-दोन दिवसांत छातीत, पाठीत, हातात थोडा वेळ दुखून थांबलं होतं का?"

मी म्हटलं, "झटक्याच्या दोन दिवस आधी उसण भरली होती. मी पाय लावला."

मग सगळं सांगावं लागलं. पायाळू, पडवी, कडी, सगळं. मशेरी तेवढी सांगितली नाही. हे बाजूला बसून जमिनीकडं बघत होते. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

"काकू, ती उसण नव्हती. तुमच्या पायानं ती जातही नव्हती. काका पडून राहिले, कष्ट थांबले, हृदयाला रक्त कमी लागायला लागलं, म्हणून कळ थांबली. चालत राहिले असते तर थांबली नसती."

"मग नुकसान कमी कसं झालं?"

बाई जरा विचार करून म्हणाल्या, "आमच्या घरात अठाई करतात. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं. माझी आजी करायची. पण ती एकदम आठ दिवसांना हात घालायची नाही. आधी एक उपवास, मग जेवण, परत एक उपवास, परत जेवण. शरीराला शिकवायची. हृदयाच्या पेशी तेच करतात. रक्त थोडा वेळ तुटलं, परत आलं, परत तुटलं, परत आलं, की त्या शहाण्या होतात. खर्च आवरतात. प्राणवायू नसला तरी साखरेवर कसंबसं भागवतात. आपली आतली दारं घट्ट लावून घेतात. मग खरोखरीचा दुष्काळ पडला की न शिकलेल्या पेशींपेक्षा जास्त वेळ तग धरतात. एवढंच नाही, उपवास सोडतानाही जपावं लागतं ना? पारण्याला आजीला मुगाचं पाणी चमच्यानं द्यायचे. बंद पडलेलं रक्त एकदम आलं तर त्या लोंढ्यानंही पेशी मरतात. शिकलेल्या पेशी तिथंही कमी मरतात. पण हे शहाणपण फार टिकत नाही, एक-दोन दिवस. काकांच्या बाबतीत असं झालं असेल. खात्रीनं मी सांगू शकत नाही."

मी विचारलं, "म्हणजे मी ह्यांना वाचवलं का मारलं, ते सांगा."

"दोन्ही नाही. दुखलं तेव्हा आमच्याकडं यायला हवं होतं, एवढंच. पेशी शिकतील म्हणून कोणी छातीत कळ घेऊन बसायचं नसतं. शंभरातला एखादा शिकतो आणि बाकीचे जातात, असंही समजा."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट काढली. पडद्यावर ह्यांचं हृदय दाखवलं. राखाडी, धडधडतं. एक भिंत आत-बाहेर होत होती आणि समोरच्या भिंतीचा एक तुकडा नुसता उभा होता. मेला असेल तर तिथं वण राहील आणि तो कधीच हलणार नाही, बाई म्हणाल्या. किंवा तो जिवंत आहे, आणि रक्त कमी पडल्यावर जीव वाचवायला त्यानं आपण होऊन काम बंद ठेवलंय. पोटापुरतं घेतो आणि पडून राहतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं.

हे एकदम म्हणाले, "म्हंजे मोटार जळलीया का नुसता रिले पडलाय, त्ये कळंना."

डॉक्टरीणबाईंना रिले म्हणजे काय ते सांगावं लागलं. होल्टेज कमी झालं की मोटार जळू नये म्हणून स्टार्टरमधला रिले आपोआप पडतो, मोटार बंद होते. बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. आता रक्त चालू केलंय. औषधं घ्यायची, मीठ कमी, वजन उचलायचं नाही. काही महिन्यांनी परत बघू. हलला तर काका पूर्वीसारखे जिना चढतील, दुकानात बसतील. नाही हलला तर हृदय हळूहळू पसरत जातं." पसरून पुढं काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

ते महिने कसे गेले, ते माझं मला ठाऊक. हे दिवसभर ओट्यावर बसून. चार पावलं टाकली की थांबायचे आणि भिंतीला हात लावायचे. मी भाकरी थापता थापता त्या थांबण्याकडं कान लावून असायची. हृदयातला तो उभा तुकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मेलाय का निजलाय? जेवताना, भांडी घासताना, हाच एक प्रश्न. आणि माझा उजवा तळवा. त्याला ती गार, ओली पाठ लागायची. फरशीवर पाय ठेवला की फरशी ओली वाटायची. मी कितीदा खाली वाकून हात लावून बघितलं असेल, फरशी कोरडी ठणठणीत. मशेरीचा वास आता पडवीतच राहिला नव्हता, सगळ्या घरभर झाला होता. एकदा तर मी उघड बोलले, "आत्याबाई, मी जाणूनबुजून नाही हो केलं. तुमच्या लेकानंच मागितलं." ओट्यावरून ह्यांनी विचारलं, कोणाशी बोलतीस? मी म्हटलं, मांजराशी.

गावात काय, वाऱ्यालाही पाय असतात. पिठाच्या गिरणीवर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नवऱ्यालाच लाथ मारली म्हणं, मग काय व्हणार?" मी पीठ खाली ठेवलं. म्हटलं, "मी पायानं मारली बाई, तुझ्या घरी तर रोज जिभेनं मारत्यात. तुझा नवरा कसा काय टिकलाय?" गिरणीत हशा झाला. पण पीठ तिथंच विसरून मी घरी आले. तिनं वेगळं काय सांगितलं होतं? मी रात्रंदिवस तेच तर ऐकत होते. उसण घेऊन येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवायला लागले. दवाखान्यात जा, पट्टी काढा. माणसं नाराज व्हायची, व्हायनात का.

शेवटी तपासणीचा दिवस आला. आम्ही एसटीनं मंचरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या छातीवर जेल लावलं, यंत्र बराच वेळ फिरवलं. मी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मग त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "काकू, बघा."

तो तुकडा हलत होता. बाकीच्या भिंतीइतका नाही, जरा मागून, जरा आळसानं, पण हलत होता. मला आधी वाटलं डोळ्यांत पाणी आल्यामुळं तसं दिसतंय. मी डोळे पुसले, तरी हलत होता. "जागा झालाय," बाई म्हणाल्या. "अजून सुधारेल." माझ्या तोंडून "अगं बाई गं" एवढंच आलं. मी त्यांचा हात धरला, तो जेलनं बरबटलेला होता, तसाच धरला.

बाईही खुशीत होत्या. ह्यांना सदरा घालायला सांगून म्हणाल्या, "आता खरं सांगा काका, मी रागवणार नाही. पहिल्यांदा कधी दुखलं?"

हे बटणं लावत होते. "आई व्हती तवाच. लई दिस झालं."

"आणि तेव्हापासून उसण वाटत होती?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "न्हाई," म्हणाले. "उसण न्हाई वाटली कधी. मला ठावं व्हतं काय हाय त्ये. वडील तसंच गेलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाहेर आल्यावर, औषधं घेतल्यावर, एसटी स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात आत तुम्ही?"

हे सांगायला लागले. मध्ये मध्ये थांबत, समोर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत सांगत होते. ह्यांचे वडील रानातून आले होते. म्हणाले, पाठीत लई चावतंय, जरा पाठीवर पाय दे. आत्याबाईंनी दिला. सगळ्याच बाया देतात, नवरा राबून आला की पाठ तुडवून देतात. आत्याबाई पाठीवर उभ्या होत्या आणि सासरे गेले. "आईला कळलंच न्हाई," हे म्हणाले. "ती किती येळ तशीच तुडवीत व्हती. मी दारात व्हतो. मग लोकं म्हनली, बायकूच्या पायानं गेला. तिनं त्ये खरं धरलं."

म्हणून ते थरथरणारे हात. म्हणून माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघणं. आणि मी त्या बाईला म्हटलं होतं, पाय कापून खुंटीला टांगू का. आणि मग, त्याच्या मागोमाग, असा संताप आला की मला समोरचं दिसेना.

"हे ठाऊक असून," मी म्हटलं, "हे सगळं ठाऊक असून तू माझ्या पायाखाली येऊन पडत होतास?"

लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी तू म्हटलं नव्हतं. शेजारच्या बाईनं मान वळवून बघितलं.

"अगं हळू. लोकं बघत्यात."

"बघू देत! मी दर वेळी विचारायची, काय होतंय, आणखी काही होतंय का. तर तू म्हणायचास, काय नाय, उसण. तू माझ्या पायाखाली गेला असतास म्हणजे? तुझी आई जन्मभर त्यात जळली. तू डोळ्यांनी बघितलंस. आणि मलाही तेच देऊन जाणार होतास?"

एक गाडी लागली, भरली, गेली. मग म्हणाले, "दवाखान्यात गेलो तर त्याला नाव पडणार व्हतं. नाव पडलं न्हाई तवर ती उसणच की. आन् तुझ्या पायाखाली दुखायचं थांबायचं. दर येळंला वाटायचं, वडलांचं थांबलं न्हाई, माझं थांबलं. सुटलो." थोडं थांबून म्हणाले, "मी गेल्यावर तुझं काय, त्यो इचारच मनात आला न्हाई बग."

हे खरं बोलत होते. या माणसाला खोटं सजवता येत नाही. त्यांच्या पेशी शहाण्या झाल्या, दारं लावून बसल्या, खर्च आवरला, सगळं केलं. आणि त्यांनी स्वतःही तेच केलं होतं, फक्त दाराबाहेर मला ठेवलं होतं. मला खूप भांडायचं होतं. पण ह्यांचा चेहरा इतका दमलेला होता, आणि आत्ताच कुठं तो तुकडा हलायला लागला होता. भांडून त्याला काही झालं तर? मी तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं. असं गिळायची मला सवय नाही.

नारायणगावची गाडी आली. ह्यांना खिडकी दिली. कळंब जायच्या आत ह्यांचा डोळा लागला. मी ह्यांच्या सदऱ्याकडं बघत बसले. वर येतोय, खाली जातोय. एकदा वर यायला जरा उशीर झाला, तर मी हात पुढं केला. मग आला. मी परत बघायला लागले.

"काय बघतीस?" ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं.